कचरा, पूररेषा आणि हरकतीचे साठ दिवस

म्हसळा (जि. रायगड) : राजपुरी खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा किल्ला आहे आणि त्याच खाडीच्या आतल्या टोकाशी म्हसळा वसले आहे. १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात असलेल्या या तालुक्याच्या गावाला पाणी दोन्ही बाजूंनी गाठते. डोंगरउतारावरून कोकणचा पाऊस येतो आणि समुद्राकडून भरती चढते. अतिवृष्टी आणि उधाणाची भरती यांची वेळ जुळली की वरून आलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. किती पाऊस पडला, याइतकेच तो कोणत्या घटकेला पडला, हेही महत्त्वाचे ठरते. खारबंदिस्तीच्या उघाड्यांचे तंत्र याच जाणिवेतून आलेले आहे. ओहोटीला पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही.

खाडीकाठच्या अशा गावांत सपाट जमीन मोजकीच असते. घरे, बाजारपेठ, भातशेती आणि रस्ता यांना ती हवी असते. गाव वाढले की कचरा टाकण्यासाठीही तीच हवी असते. डोंगराकडे जावे तर वनजमीन, खाडीकडे जावे तर सागरी किनारा नियमन क्षेत्र. कोकणातील बहुतेक लहान शहरांची ही कोंडी आहे. ती सोडवणारे नियम दिल्लीत आणि मुंबईत लिहिले जातात, वरचेवर बदलले जातात, आणि त्यांपैकी काही बदलताना शासनाने नागरिकांना विचारावे अशी कायद्याची आज्ञा आहे. सगळ्याच नियमांना मात्र ती लागू नाही.

‘दूर’ म्हणजे किती दूर?

घनकचऱ्याच्या नियमांचा उगमच एका नागरिकाच्या याचिकेत आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, न्यायालयाने नेमलेल्या असीम बर्मन समितीने १९९९ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून २००० चे नागरी घनकचरा नियम आले. कचऱ्याचे भराव क्षेत्र वस्ती, वने आणि जलाशय यांपासून ‘दूर’ असावे, असे त्या नियमांत म्हटले होते. किती दूर, हे सांगितलेले नव्हते.

८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी आकडे दिले. नदीपासून १०० मीटर; तलाव, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून प्रत्येकी २०० मीटर. शिवाय गेल्या १०० वर्षांत नोंदल्या गेलेल्या पूरक्षेत्रात, सागरी किनारा नियमन क्षेत्रात आणि पाणथळ जागेत भराव क्षेत्रास परवानगी नाही, असे स्पष्ट वाक्य त्यात आले. कचरा आणि पूर हे दोन विषय कायद्याने एका वाक्यात जोडले गेले, हे मोठेच काम झाले.

या वाक्यातील ‘नोंदल्या गेलेल्या’ हा शब्द मात्र लक्षपूर्वक वाचावयास हवा. ज्या नदीची पूररेषा आखलेली आहे, तिचे पूरक्षेत्र नकाशावर दाखवता येते. जिची आखलेली नाही, तिच्या काठच्या लोकांपाशी पुराच्या आठवणी असतात, भिंतींवर पाण्याच्या खुणा असतात. शासकीय नोंद असेलच असे नाही. लहान खाड्यांना मिळणारे ओढे आणि नद्या यांच्या बाबतीत ही त्रुटी विशेष जाणवते.

२०१६ च्या नियमांचा मसुदा जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. दिल्ली, मुंबई आणि कोलकाता येथे बैठका झाल्या. संपूर्ण देशातून आलेल्या सूचना आणि हरकतींची संख्या होती सुमारे १११. प्रत्येक नगरपालिकेला आणि प्रत्येक घराला बांधणाऱ्या नियमांबाबत हा प्रतिसाद आहे. या नियमांची जागा घेणारा नवा मसुदा डिसेंबर २०२४ मध्ये आला, त्यावरही साठ दिवसांची मुदत देण्यात आली आणि कचऱ्याचे ओला, सुका, स्वच्छताविषयक व विशेष काळजीचा असे चार भाग करणारे नवे नियम जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झाले. अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली.

साठ दिवस कोठून येतात?

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मधील आणि त्याच वर्षीच्या नियमांतील पाचव्या नियमानुसार, एखाद्या क्षेत्रातील उद्योग किंवा प्रक्रियेवर निर्बंध घालावयाचे असतील तर केंद्र शासनाने आपला हेतू राजपत्रात जाहीर करावयाचा असतो. राजपत्राच्या प्रती जनतेस उपलब्ध झाल्यापासून ६० दिवसांत कोणाही व्यक्तीस हरकत घेता येते. बाधित असण्याची किंवा जमीनमालक असण्याची अट नाही. किनारा नियमन अधिसूचनेचा १८ एप्रिल २०१८ चा मसुदा याच वाटेने आला आणि १८ जानेवारी २०१९ रोजी अंतिम झाला. त्या एका बदलाने म्हसळ्यासारख्या गावांचा नकाशाच पालटला. खाडीकाठी भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढे नियमन क्षेत्र २०११ च्या अधिसूचनेत होते. २०१९ मध्ये १०० च्या जागी ५० मीटर आले.

अधिसूचनेनंतर जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा तयार होतो आणि त्यावर जिल्हास्तरावर जनसुनावणी घ्यावी लागते. रायगडचे जिल्हा मुख्यालय अलिबाग. म्हसळ्याहून तेथे जाऊन, बोलून परत येण्यात दिवस मोडतो. मासेमारीवर किंवा रोजंदारीवर पोट असणाऱ्याने तो कोणाच्या भरवशावर मोडावा, याचे उत्तर कोणत्याही अधिसूचनेत नाही.

साठ दिवसांची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा त्या वर्षी मार्चमध्ये तयार झाला आणि एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, राजपत्रात आला. तो इंग्रजी आणि हिंदीत होता. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड आणि म्हसळा तालुक्यांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावे काही आठवडे विजेविना राहिली. त्याच महिन्याअखेर, ३० जून रोजी हरकतींची मुदत संपणार होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच दिवशी ती ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि मसुद्याचे भाषांतर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत करण्याचा आदेश दिला. केंद्र शासन या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मराठीत मसुदा मागणे ही केवळ अस्मितेची बाब नाही. जो मजकूर वाचताच येत नाही, त्यावर हरकत कशी घ्यावयाची, हा त्यातील साधा प्रश्न आहे. देशभरातून त्या मसुद्यावर लाखोंच्या संख्येने हरकती गेल्या. १११ शी ही संख्या ताडून पाहिली म्हणजे विषय गाजला की किती फरक पडतो हे कळते.

पाचव्या नियमातच एक पळवाटही आहे. लोकहितासाठी आवश्यक वाटल्यास शासनास ही पूर्वसूचना वगळता येते. २८ मार्च २०२० च्या एका अधिसूचनेने रस्ते आणि वाहिन्यांसारख्या प्रकल्पांसाठी माती उत्खननास पर्यावरण परवानगीतून सूट देताना हाच मार्ग वापरण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ती सूट रद्द ठरविली. जनतेला न विचारण्यात कोणते लोकहित होते याची कारणे शासनाने नोंदविलेली नाहीत, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता.

पूररेषा परिपत्रकाने येते

पुराच्या बाबतीत चित्र अगदी निराळे आहे. महाराष्ट्रात पूररेषांचा आधार पाटबंधारे विभागाचे २१ सप्टेंबर १९८९ चे परिपत्रक हा राहिला आहे. स्थूलमानाने, सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी अनेकांची फसगत होते. एकदा पूर येऊन गेला की पुढची २५ वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता ४ टक्के असते, इतकेच. हिशेब मांडला तर वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात निळ्या रेषेपर्यंत किमान एकदा पाणी येण्याची शक्यता ५५ टक्क्यांहून अधिक भरते. महाडने जुलै २००५ मध्ये महापूर पाहिला आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये. मधले अंतर अवघे सोळा वर्षांचे.

परिपत्रक हा शासनाचा आपल्या अधिकाऱ्यांना दिलेला आदेश असतो. त्याचा मसुदा प्रसिद्ध होत नाही, हरकती मागविल्या जात नाहीत, सुनावणी होत नाही. रेषा घरावरून गेली की कळते. चिपळूणमध्ये नेमके हेच घडले. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीच्या पूररेषा पुढे आल्या, तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांच्या आत गेला. चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१ मध्ये उपोषण आरंभले. नद्यांतील गाळ काढा आणि निळी-लाल रेषा रद्द करा, अशा मागण्या होत्या. गाळ काढण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. लोकांचा राग समजण्यासारखा होता, परंतु रेषा पुसल्याने पाणी अडत नाही, हेही तितकेच खरे. हरकत-सुनावणीचा टप्पा असता तर पाण्याच्या जुन्या खुणा, गाळाने उथळ झालेले पात्र आणि भरावांनी अडलेले नाले यांवरचे नागरिकांचे म्हणणे नोंदीवर आले असते. तो टप्पा नव्हता, म्हणून वाद रस्त्यावर आला.

पूररेषेला नियमाचे बळ आले ते नगररचनेच्या मार्गाने. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचा मसुदा मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली हरकतींसाठी प्रसिद्ध झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती अमलात आली. निषिद्ध क्षेत्रात नव्या बांधकामास बंदी आणि नियंत्रित क्षेत्रात जोत्याची पातळी लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर, अशा तरतुदी तीत आहेत. म्हणजे रेषेच्या आत काय बांधावे यावर जनतेचे मत मागविले गेले. रेषा कोठून जावी यावर नाही.

परिपत्रक किंवा शासन निर्णय एका सहीने येतो आणि एका सहीने जातो. नदीकाठच्या उद्योगांवर अंतराचे निर्बंध घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २००० मध्ये आले, २००९ मध्ये सुधारले गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झाले. त्यास अधिसूचनेचे संरक्षण असते तर रद्द करण्यापूर्वी मसुदा काढावा लागला असता.

ऐकले कोणाचे जाते?

हरकतींचा अधिकार सर्वांना असला तरी त्याचा वापर संघटित घटक अधिक करतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, नाले प्लास्टिकने तुंबले आणि राज्य शासनाने प्लास्टिक पिशव्यांवर सरसकट बंदीचा विचार जाहीर केला. २००६ च्या नियमांत ती बंदी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ आणि ठरावीक आकाराहून लहान पिशव्यांपुरती उरली. २३ मार्च २०१८ ची व्यापक प्लास्टिकबंदीही व्यापारी आणि उत्पादकांच्या निवेदनांनंतर जूनअखेर सैल झाली. त्यांनी आपले म्हणणे मांडले यात गैर काही नाही. ज्यांच्या घरात तुंबलेल्या नाल्याचे पाणी शिरले, त्यांची निवेदने तेवढ्या संख्येने गेली नाहीत.

गावाकडे यासाठी ग्रामसभेचे व्यासपीठ असते आणि तिचा ठराव हरकतीसोबत जोडता येतो. म्हसळा हे तालुक्याच्या इतर अनेक ठिकाणांप्रमाणे ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झाले. निधी वाढतो, नगररचनेचे अधिकार येतात, घनकचरा नियमांची पूर्ण जबाबदारीही येते. ग्रामसभा मात्र संपते. अशा ठिकाणी नगरसेवकामार्फत सर्वसाधारण सभेत ठराव मांडून घेणे, किंवा मच्छीमार सोसायटी, गृहनिर्माण संस्था व व्यापारी मंडळ यांच्या बैठकीचा ठराव करणे, हा मार्ग उरतो.

हरकत लिहिण्यास वकील लागत नाही. मसुद्याचा क्रमांक व तारीख, ज्या नियमावर आक्षेप आहे त्याचा क्रमांक, आजचा मजकूर, सुचविलेला मजकूर आणि कारण, एवढे पुरते. ‘नदी वाचवा’ असे लिहिलेल्या शंभर पत्रांपेक्षा ‘नियमातील नोंदलेल्या पूरक्षेत्रात ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाच्या पंचनाम्यांतील पूरखुणांचाही समावेश करावा’ असे एक पत्र अधिकाऱ्याला फाईलवर घ्यावे लागते. सोबत छायाचित्रे, पंचनाम्याची प्रत आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ दिल्यास अधिक बरे. नवा मसुदा वाचताना जुन्या नियमातील कोणते वाक्य गळले, हेही ताडून पाहावे; बदल बहुधा तेथेच असतो.

केंद्राचे राजपत्र ऑक्टोबर २०१५ पासून छापले जात नाही, ते संगणकावरच पाहावे लागते. त्यामुळे मुदत सुरू झाल्याचे समजण्यातच काही दिवस जातात. टपालाने पाठविल्यास पोच जपून ठेवावी. मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेण्याचे बंधन शासनावर नाही. परिपत्रक आणि शासन निर्णय यांच्या बाबतीत हरकतीची मुदत नसली तरी माहिती अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४ उपयोगी पडते. जनतेवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करण्याचे आणि निर्णयाची कारणे बाधितांना देण्याचे बंधन त्यात आहे. पूररेषा ज्या पर्जन्यमान व विसर्गाच्या आकडेवारीवर आखली, ती आकडेवारी आणि नकाशा जलसंपदा विभागाकडे या कायद्याखाली मागता येतो.