चोवीस तासांचा लेप आणि घडीघडीची लाली

गोऱ्या, नाजूक आणि चटकन लाल होणाऱ्या चेहऱ्याला कोणते फाउंडेशन घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर आता जवळजवळ ठरून गेले आहे. दुकानातल्या काउंटरवर विचारा, लग्नाचा मेकअप करणाऱ्या ताईंना विचारा किंवा मैत्रिणीला विचारा, चार गोष्टी हमखास ऐकू येतील. लाली दिसते ना, मग 'फुल कव्हरेज' घ्या. दिवसभर दिसते, मग जास्तीत जास्त तास टिकणारे आणि मॅट घ्या. खाली हिरवा करेक्टर लावा. आणि चेहरा गुलाबी आहे, तर शेडही गुलाबी छटेचीच निवडा.

हा पूर्वपक्ष वेडगळ मुळीच नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे. 'व्होग्ज ऑफ १९३८' हा टेक्निकलर चित्रपट १९३७ मध्ये आला, त्यासाठी मॅक्स फॅक्टर कंपनीने पॅनकेक मेकअप वापरला. जुन्या तेलकट ग्रीजपेंटवर आजूबाजूचे रंग चमकत, आणि रंगीत कॅमेऱ्याला ते चालत नसे. पॅनकेक चकाकत नव्हता आणि चेहऱ्यावरचे सगळे डाग एका रंगात बुडवत होता. पुढच्याच वर्षी तो बाजारात आला. त्याआधीच अमेरिकेत लिडिया ओलिअरी या बाईंनी आपल्याच चेहऱ्यावरची जन्मखूण झाकण्यासाठी 'कव्हरमार्क' तयार केले आणि १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. १९९७ मध्ये एस्टी लॉडरचे 'डबल वेअर' आले आणि टिकण्याचे तास हीच फाउंडेशनची मुख्य जाहिरात होऊन बसली. जाड थर झाकतो आणि पक्का थर टिकतो, हे दोन्ही खरे आहे. ते लाल होणाऱ्या चेहऱ्याला लागू पडते का, एवढाच वाद आहे.

पहिला आक्षेप मुळावरच आहे. ओलिअरी बाईंची जन्मखूण सकाळी होती तेवढीच संध्याकाळी असे. ती स्थिर होती. चटकन लाल होणाऱ्या चेहऱ्याची लाली मात्र येते, वाढते, ओसरते. रोसेशिया या त्वचाविकाराची प्रवृत्ती असलेल्या त्वचेत गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग इथल्या बारीक रक्तवाहिन्या जरा कारण मिळाले की रुंदावतात. ऊन, गरम हवा, तिखट, मद्य, मनस्ताप, व्यायाम, यांतले काहीही त्याला पुरते. जोनाथन विल्किन यांनी १९८१ मध्ये प्रयोग करून दाखवले की कॉफीने चेहरा लाल होतो तो तिच्या गरमपणामुळे. गार कॉफीने तसे झाले नाही, नुसत्या गरम पाण्याने मात्र झाले. दिवसातून तीनदा वाफाळता चहा पिणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे. सकाळी सातला आरशात पाहून केलेला हिशेब दुपारी दोनच्या चेहऱ्याला पुरत नाही. लेप जागच्या जागी असतो, खालचा रंग बदललेला असतो.

हे पाहायचे असेल तर लग्नात पाहावे. पहाटे पाचला एसी खोलीत नवरीचा मेकअप होतो. प्रायमर, हिरवा करेक्टर, फाउंडेशनचे दोन हात, वर सेटिंग पावडर आणि स्प्रे. नितळ, एकसारखा चेहरा. मग लाजाहोमाला ती विझत्या-पेटत्या समिधांसमोर बसते. धूर डोळ्यांत जातो, भरजरी शालू अंगावर असतो, मुंडावळ्या गालाला लागत असतात. अर्ध्या तासात तिचे कान आणि गळा लालबुंद होतात, कारण त्यांच्यावर काहीच लावलेले नसते. गाल मात्र पिवळसर, सपाट दिसतात. नाकपुड्यांच्या कडेला घामाने थर सुटतो आणि तिथून लाल रेघ डोकावते. ज्याला आपण टिकणे म्हणतो ते इथे पुरेपूर साधलेले असते. चेहरा मात्र गळ्यापासून वेगळा पडलेला असतो.

गाल इतके वेगळे का दिसतात, त्याचे उत्तर मेकअपच्या पुस्तकांपेक्षा आधी रंगाऱ्यांकडे सापडले. मिशेल शेव्हरल पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार होती. शेव्हरल यांनी तपासले तेव्हा रंगात दोष नव्हता. शेजारी कोणता धागा आहे त्यावर काळ्याचे दिसणे बदलत होते. १८३९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा नियम मांडला: शेजारशेजारचे रंग एकमेकांचा भेद वाढवतात. लाल कान आणि गळ्याशेजारी हिरवट-पिवळा, अपारदर्शक गाल ठेवला की कान आहेत त्याहून लाल दिसतात. म्हणजे भरपूर झाकल्याने चेहऱ्यावरची लाली गेली, पण माणसावरची वाढली.

हिरव्या करेक्टरची गोष्टही याच अंगाने पाहावी. हिमोग्लोबिन साधारण ५४० ते ५८० नॅनोमीटरचा हिरवा-पिवळा प्रकाश शोषून घेते, म्हणून लाली दिसते. हिरवे रंगद्रव्य तांबडा प्रकाश शोषते. एकावर एक दोन्ही आले की लालपणा मरतो खरा, पण त्या जागेवरून परतणारा एकूण प्रकाशही घटतो. गोऱ्या त्वचेवर तिथे राखाडी, आजारी छटा उमटते. ती लपवायला वर आणखी फाउंडेशन चढवावे लागते, आणि थर जाड होत जातो. नाकाच्या कोपऱ्यातल्या दिसणाऱ्या बारीक शिरेवर तांदळाच्या दाण्याएवढा फिकट हिरवा लावायला हरकत नाही. दोन्ही गाल हिरवे करणे मात्र आगीतून फुफाट्यात पडणे आहे. बहुतेक फाउंडेशनमध्ये पिवळे आयर्न ऑक्साइड असतेच. पिवळसर किंवा न्यूट्रल बेज शेड अर्धे काम न सांगता करते.

इथेच शेडचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते पूर्वपक्षाची सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. चेहरा गुलाबी दिसतो म्हणून अंडरटोन गुलाबी, हे अनुमान चुकीचे आहे. अंडरटोन हा त्वचेचा रोजचा रंग, मेलॅनिन आणि इतर द्रव्ये मिळून ठरलेला. लाली ही वरच्या रक्तवाहिन्यांतली भरती. गालाशी जुळवून शेड घेतली तर तुम्ही भरतीच्या वेळचा रंग बाटलीत भरून घेता. त्यात तांबडे आयर्न ऑक्साइड जास्त असते, म्हणजे लालावर आणखी लाल. लाली ओसरली की गोऱ्या मानेवर गुलाबी मुखवटा उरतो. अनेक गोऱ्या मुलींचा अंडरटोन खरे तर पिवळसर किंवा न्यूट्रल असतो. गालांच्या लालीमुळे तो लपतो आणि दुकानदार गाल पाहूनच बाटली देतो. आपल्याकडची आणखी एक सवय यात भर घालते: गोरीला आणखी एक शेड उजळ. त्यातल्या जादा टायटॅनियम डायॉक्साइडमुळे फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरा फटक येतो आणि गळा लाल. शेड जबड्याच्या कडेवरून मानेकडे ओढून, बाहेर उजेडात उभे राहून ठरवावी. गालावर कधीच नाही. शिवाय काही फाउंडेशन त्वचेच्या तेलात भिजल्यावर तासा-दोन तासांत गडद होतात, आणि गोऱ्या चेहऱ्यावर तो नारिंगीपणा लगेच दिसतो. म्हणून दुकानात लावून लगेच पैसे देऊ नयेत. एक फेरफटका मारावा, गरम चहा प्यावा, दोन मजले चढून यावे आणि मग आरसा पाहावा. त्यानंतरही मान आणि चेहरा एक दिसत असतील तर ती शेड तुमची.

आता टिकाऊपणा. दीर्घकाळ टिकणाऱ्या फाउंडेशनमध्ये साधारण असे असते: उडून जाणारा द्रव, म्हणजे सायक्लोपेंटासिलॉक्सेन किंवा आयसोडोडेकेन, त्यात ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेटसारखी राळ आणि रंगद्रव्ये. द्रव उडाला की राळ रंगासकट पातळ, लवचीक पापुद्रा होऊन बसते. पाणी आणि घाम तिला सहज हलवत नाहीत. हे तंत्र चांगले आहे, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण त्याची किंमत रात्री चुकवावी लागते. जे पाण्याने निघत नाही ते कशाने तरी काढावेच लागते. बहुतेकजणी वेट वाइपने गाल खसाखसा पुसतात, मग गरम पाणी, मग फेस येणारा फेसवॉश. घासणे, गरमी आणि कोरडेपणा, लाल होणाऱ्या त्वचेचे तिन्ही शत्रू एकाच वेळी. रात्रीच्या या धसमुसळेपणाने दुसऱ्या दिवशीची लाली वाढते, आणि ती झाकायला आणखी पक्के फाउंडेशन लागते. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, अशी ही गत. टिकाऊ फाउंडेशन घ्यायचेच तर तेल किंवा क्लिन्झिंग बामने, हलक्या बोटांनी, कोमट पाण्याने काढायची शिस्त त्याच्याबरोबरच विकत घ्यावी.

मॅट आणि 'ऑइल फ्री' म्हणजे जास्त टिकणारे, हेही सरसकट खरे नाही. ते तेलकट चेहऱ्यासाठी बनले. लाल होणारी त्वचा पुष्कळदा कोरडी असते आणि तिच्यावर बारीक कोंडा असतो. मॅट पावडर त्या कोंड्याला धरून बसते, आणि हसताना दुमडणाऱ्या जागी जाड थर चिरतो. पातळ थर त्वचेबरोबर हलतो, म्हणून प्रत्यक्षात तोच जास्त वेळ नीट दिसतो. आधी साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावून ते जिरू द्यावे. मग ओल्या स्पंजने, न घासता, दाबत दाबत फाउंडेशनचा एकच हात द्यावा. जिथे अजून लाल दिसते तिथे मानेच्याच शेडच्या कन्सीलरचा ठिपका द्यावा. पावडर नाकाच्या कडेला पुरते. टिकण्याचे तास बाटलीपेक्षा या तयारीतून अधिक मिळतात.

'हायपोअ‍ॅलर्जेनिक' लिहिलेले आहे, म्हणजे सुरक्षित, असेही पूर्वपक्ष सांगतो. या शब्दावर अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९७५ मध्ये नियम आणला होता, तो १९७७ मध्ये न्यायालयाने रद्द केला. आजही तिथे त्याची कायदेशीर व्याख्या नाही. म्हणून पुढचे लेबल सोडून मागची यादी वाचावी. सुगंध, डीनेचर्ड अल्कोहोल, मेंथॉल, पेपरमिंट, निलगिरी आणि विच हेझल असलेली बाटली खाली ठेवावी. 'मिनरल' आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, त्यातल्या बिस्मथ ऑक्सिक्लोराइडने काहींना खाज येते. आणि फाउंडेशनवरच्या एसपीएफवर विसंबू नये. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून काढलेला असतो, इतके फाउंडेशन कोणी लावत नाही. ऊन हे लालीचे मोठे कारण आहे, तेव्हा सनस्क्रीन वेगळे हवे.

या सगळ्यावर दुसऱ्या टोकाचा पक्ष असा की लाल चेहऱ्याने मेकअप करूच नये. तोही मान्य नाही. लाल चेहऱ्याचा मनस्ताप खरा असतो, 'पिऊन आलीस का' असे विचारणारे लोकही खरे असतात. ब्रिटनमध्ये रेड क्रॉसने १९७५ पासून चेहऱ्यावरच्या खुणा मेकअपने झाकायला शिकवणारी सेवा चालवली, ती २०११ मध्ये 'चेंजिंग फेसेस' या संस्थेने हाती घेतली. झाकणे ही लाज नाही. जास्त झाकले की जास्त दिसते, एवढेच म्हणणे आहे.

आपल्याकडे मात्र एक तपासणी या सगळ्याच्या आधी करायला हवी. भारतात चेहरा लाल होण्यामागे उजळपणासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेतलेली स्टिरॉइडची मलमे हे मोठे कारण आहे. काही आठवडे त्वचा गोरी, तुकतुकीत दिसते, मग पातळ होते, आणि मलम थांबवले की भडका उडतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध स्वतंत्र मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांवर चिठ्ठीची सक्ती केली. मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे नाव तुमच्या ट्यूबवर असेल, तर फाउंडेशनची निवड थांबवा आणि ती ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा. ती एकदम बंदही स्वतःच्या मनाने करू नका. लाली महिनोन्‌महिने वाढत असेल, डोळे चुरचुरत असतील, पुळ्या येत असतील, तरीही आधी तपासणीच. रोसेशियावर मेट्रोनिडाझोल, अझेलाइक आम्ल, आयव्हरमेक्टिन अशी मलमे आहेत. त्यांनी लाली निम्म्यावर आली, तर फाउंडेशनही निम्मेच लागते.

निष्कर्ष सरळ आहे. मानेशी जुळणारी, पिवळसर किंवा न्यूट्रल शेड, मध्यम झाकणारे, बिनवासाचे, पातळ बसणारे आणि रात्री न घासता निघणारे फाउंडेशन घ्या. बाटलीवरच्या तासांचे पैसे मोजू नका. जे काढताना गाल लाल होतात ते कितीही तास टिकले तरी तुमच्या कामाचे नाही.