कोरे न राहणारे पान

हस्तलिखितांच्या परंपरेत एक लहानसा प्रामाणिकपणा आढळतो. पुढ्यातील पोथीचे पान फाटलेले असले, अक्षरे वाळवीने खाल्लेली असली, तर जाणता लिपिकार तेवढी जागा कोरी सोडतो किंवा रेघा ओढून पुढे जातो. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही कोरी जागा मोलाची. कारण येथे काही होते आणि ते आता नाही, या दोन्ही गोष्टी ती एकदम सांगते. अर्थात सगळेच लिपिकार असे नव्हते. काहींना स्वतः ओवी जुळवता येत असे, आणि त्यांनी बुजवलेले खिंडार शोधताना संपादकाची दमछाक होते. या दुसऱ्या प्रकारच्या लिपिकाराची आठवण आम्हांस ‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळाच्या इतिहासाने करून दिली.

मार्कुस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ साली हा खेळ प्रथम लोकांपुढे ठेवला. त्यात जिंकणे-हरणे जवळजवळ नाहीच. ठोकळ्यांचे एक जग मिळते, त्यात खणावे, रचावे, राहावे. जमीन, डोंगर, नद्या हे सारे ‘सीड’ नावाच्या एका संख्येपासून गणिताने उपजते. मराठीत आपण त्यास बीज म्हणू. बीज तेच आणि खेळाची आवृत्ती तीच, तर भूमीही तंतोतंत तीच. खेळाडूने त्या भूमीवर जे केले ते मात्र कोणत्याही बीजात नसते. ते फक्त जतन केलेल्या फाइलीत असते.

या फाइलींचा इतिहास आपल्या अभ्यासविषयापासून वाटतो तितका दूर नाही. आरंभीचे जग मर्यादित होते आणि एकाच फाइलीत मावत असे. २०१० मध्ये ते अमर्याद झाले, तेव्हा सोळा बाय सोळा ठोकळ्यांच्या प्रत्येक तुकड्याची, म्हणजे ‘चंक’ची, स्वतंत्र फाइल होऊ लागली. सुट्या पानांची पोथीच ती. एक पान खराब झाले तर एकच जाई. पण हजारो बारीक फाइली हाताळताना संगणक मेटाकुटीस येई. मग ‘स्केव्होलस’ हे टोपणनाव घेतलेल्या एका खेळाडूने १०२४ तुकडे एका फाइलीत बांधण्याची पद्धत तयार केली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ती खेळातच स्वीकारली गेली. फाइलीच्या आरंभी कोणता तुकडा कोठे आहे याची अनुक्रमणिका असते. वेग वाढला, पण धोकाही एकवटला. लिहिणे चालू असताना वीज गेली (भारनियमनाचे दिवस पाहिलेल्यांना याचे विवरण नको) आणि अनुक्रमणिका बिघडली, तर पुढचा मजकूर शाबूत असूनही सापडत नाही. कधी पाने आगेमागे लागतात, आणि दुसऱ्याच प्रदेशाचा चौकोन आपल्या अंगणात येऊन बसतो.

खरा प्रश्न यापुढचा. तुकडा वाचता आला नाही की खेळ काय करतो? तो जागा कोरी ठेवत नाही. बीज त्याच्या हाताशी असते. तेथे तो नवी जमीन उगवतो. गवत, झाडे, क्वचित एखादे डुक्कर. दोन वर्षे खपून उभारलेला वाडा जेथे होता तेथे असे कुरण दिसते, की जणू त्या ठिकाणी कधी कोणी आलेच नव्हते. अनेक वर्षे याची वार्ता खेळाडूस पडद्यावर मिळतच नसे. फार तर तांत्रिक नोंदवहीत एखादी ओळ उमटे. आणि पुढच्या जतनात ती नवी जमीन अधिकृत पाठ म्हणून लिहिली जाई. नाश होणे हे सर्वच संग्रहांच्या नशिबी आहे. येथे नाशाची खूणही नष्ट होते, हे आम्हांस अधिक गंभीर वाटते.

खेळाडूंनी यावर जी शिस्त बसवली ती कोणाही संपादकास पटावी. पहिला नियम, बिघडलेले जग पुन्हा उघडायचे नाही. आधी सगळ्या फाइलींची प्रत काढायची आणि काम प्रतीवर करायचे. जगाची मुख्य माहिती ज्या फाइलीत असते तिची आदली आवृत्ती खेळ स्वतःच बाजूला ठेवतो. ती पुढे आणून पाहायची. मग ‘रीजन फिक्सर’सारख्या साधनाने सदोष तुकडे शोधायचे आणि जुन्या प्रतीतून तेवढेच आणून बसवायचे. ते न साधले तरच तुकडा पुसून बीजावर सोपवायचा. साक्षी प्रत आधी आणि अनुमान सर्वांत शेवटी, हाच क्रम आपण वर्गात शिकवतो.

एक पुरावा मात्र यंत्राच्या नकळत मागे राहिला. सप्टेंबर २०११ मधील आवृत्तीने भूमी उपजवण्याचे गणित बदलले. त्याआधीच्या जगात यानंतर एखादा तुकडा हरवला, की जुन्या बीजातून निराळीच जमीन उगवे. समुद्राच्या मध्यभागी सरळ कापलेला चौकोनी कडा उभा राही. खेळाडू त्यास कुरूप म्हणत. आम्हांस तो कडा प्रक्षिप्त ओवीत अचानक डोकावणाऱ्या अर्वाचीन क्रियापदासारखा वाटतो.

साहित्याच्या अध्यापकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०१२ पासून या जगात खेळाडूंना कोरी वही मिळते. तीत लिहावे, सही करावी, पेटीत ठेवावे. पेटीतील मजकूर त्या-त्या तुकड्यातच साठतो, आणि तुकड्यास सुमारे एक मेगाबाइटची मर्यादा होती. एका जागी फार लिहिलेली पुस्तके साठली की ती मर्यादा ओलांडे, आणि खेळ निमूटपणे तो तुकडा जतनच करीत नसे. परत यावे तर तेथे आधीची स्थिती. शब्दांच्या भाराने जागेची स्मृती थांबण्याचा हा प्रकार डिसेंबर २०१९ च्या आवृत्तीपर्यंत चालला. त्यानंतर अवजड तुकड्यांस वेगळी फाइल मिळाली.

बीजाचे सामर्थ्य किती, याचेही उदाहरण आहे. खेळासोबत २०१० पासून एक चिमुकले चित्र येत असे, १२८ बाय १२८ बिंदूंचे, एका भूदृश्याचे. सप्टेंबर २०२० मध्ये स्वयंसेवकांनी अनेकांचे संगणक एकत्र जुंपून त्या चित्रावरून मूळ बीज शोधून काढले. दहा वर्षांपूर्वीची ती टेकडी, ते पाणी, ती झाडे आता कोणालाही पाहता येतात. पाठनिर्णयाचा एवढा निर्विवाद विजय आमच्या विषयात आम्ही पाहिलेला नाही. मात्र त्या चित्रात घर नव्हते, पेटी नव्हती आणि वहीही नव्हती.