मत्स्यालयातील तळवासी मासे

मत्स्यालयातील तळवासी मासे हे काचपेटीच्या तळाशी वावरून तेथील अन्न टिपणारे मासे होत. दोन फुटी पेटीत, म्हणजे सुमारे ५० ते ६० लिटर पाण्यात, त्यांची निवड करताना पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी हा पहिला निकष ठरतो. पाच-सहा सेंटिमीटर वाढणारे कोरिडोरस अशा पेटीला योग्य असतात. ते किमान सहाच्या गटात ठेवावे लागतात. खाली बारीक, गुळगुळीत वाळू हवी; खरखरीत खडीने त्यांच्या मिशा झिजतात. गप्पी, प्लॅटी यांसारख्या वरच्या थरातील शांत माशांशी त्यांचे जमते.

मराठवाड्यात पाण्याचाही विचार करावा लागतो. येथील बेसॉल्ट खडकातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते आणि उन्हाळ्यात तेही अपुरे पडते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. दर आठवड्याला पेटीतील पाव हिस्सा पाणी बदलणे अपेक्षित असल्याने येथे मासे कमी ठेवणेच इष्ट.

काच स्वच्छ करणारा म्हणून बोटभर असताना विकला जाणारा दक्षिण अमेरिकी 'सकर' मासा मात्र ३० सेंटिमीटरहून अधिक वाढतो आणि स्वतःच पुष्कळ घाण करतो. पेटीत मावेनासा झाला की तो नदी-तलावात सोडला जातो. काटेरी कवच आणि हवेतून श्वास घेण्याची क्षमता यांमुळे तो तेथे तग धरतो. सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. लातूर परिसरातील मांजरा पुढे नांदेडची गोदावरी ज्या खोऱ्यात आहे त्याच खोऱ्यात मिळते. त्यामुळे एका शहरात सोडलेला सकर त्या शहरापुरता राहत नाही.