पोलिसांनी टिपलेला काँग्रेस रेडिओ

ऑगस्ट १९४२. मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला, तरंगलांबी ४२.३४ मीटर, जागा सतत बदलती. चिमूर-आष्टीतील अत्याचारांची जी वार्ता छापण्यास वृत्तपत्रे धजत नव्हती, ती उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाला ऐकवली. सर्वांत चिकाटीने ऐकणारे मात्र पोलीसच होते! एकीकडे प्रक्षेपकाचा माग, दुसरीकडे प्रसारणांची लेखी नोंद. हेतू अर्थातच पुरावा गोळा करण्याचा. १२ नोव्हेंबरला गिरगावातील पारेखवाडीत छापा पडला. उषाताईंना ४ वर्षांची शिक्षा झाली. त्या लहरींवरून नेमके काय बोलले गेले, हे आज अभ्यासकांना कळते ते मुख्यतः त्याच पोलिसी नोंदींतून.