एक तोळ्याची गोळी

उत्तर अमेरिकेंतील रॉकी पर्वताच्या उतारांवर राहणारें एल्क हें हरिण आपल्या सांबराचें दूरचें भाऊबंद होय. शॉनी लोक त्याला वापिटी, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा, असें म्हणत. पुऱ्या वाढीच्या नराचें वजन ३०० किलोंच्याही पुढें जातें. खांद्याचें हाड जाड, कातडें चिवट. ओझरती जखम झालेला एल्क मैलच्या मैल चालत दाट अरण्यांत शिरतो व तेथें तडफडून मरतो. त्याचें मांसही कोणाच्या उपयोगी पडत नाहीं. तेव्हां गोळीची निवड हा प्रश्न तिकडील जाणत्या शिकाऱ्यांनीं निव्वळ हौसेचा मानला नाहीं, हें योग्यच झालें.

काळ्या दारूच्या काळांत हा प्रश्न सोपा होता. १८७० च्या सुमाराचे गव्यांचे शिकारी शिसें, दारू आणि सांचा बरोबर बाळगीत आणि रात्रीं शेकोटीपाशीं दुसऱ्या दिवसाचीं काडतुसें स्वतःच भरीत. गोळी जड, मऊ आणि संथ असे. पुढें १८८४ सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें धूरविरहित दारू शोधून काढली. वेग इतका वाढला कीं उघडें शिसें नळीच्या आट्यांतच खरवडून निघूं लागलें. म्हणून गोळीला तांब्याचें कवच आलें. पण पूर्ण कवचाची गोळी दाभणासारखी आरपार जाते. कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले यानें गोळीचें टोंक उघडें ठेवलें, आणि ती अंगांत शिरतांच छत्रीसारखी पसरूं लागली. १८९९ च्या हेग परिषदेनें अशा गोळ्या युद्धांत निषिद्ध ठरविल्या. रणांगणावर जें क्रौर्य ठरलें तीच शिकारींत दया मानली गेली, हा विरोधाभास चमत्कारिक खरा. पण जनावर चटकन्‌ मरावें हाच तेथें हेतु आहे.

१९०६ चें ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हें लष्करी काडतूस लवकरच शिकाऱ्यांच्या हातीं आलें. १९२५ सालीं त्याच्यावरूनच ‘टू-सेव्हंटी’ निघालें. जॅक ओकॉनर हा लेखक या हलक्या, वेगवान गोळीचा कैवारी. आयडाहोचा एल्मर कीथ जाड व जड गोळीवांचून एल्कच्या वाटेस जाऊं नये म्हणणारा. दोघांचा वाद वर्षानुवर्षें रंगला. खरें दुखणें मात्र निराळेंच होतें. जवळून झाडलेली वेगवान गोळी हाडावर फुटून विखुरते, आणि दुरून पोहोंचलेली मंद गोळी उमलतच नाहीं. हातानें काडतूस भरणारा दारू कमीजास्त करून एक टोंक सांवरी, तों दुसरें सुटे.

१९४६ सालीं ओरेगनमधील जॉन नॉस्लर हा मालमोटारींचा व्यावसायिक ब्रिटिश कोलंबियांत मूसच्या शिकारीस गेला. चिखलानें माखलेल्या एका नरावर त्याच्या गोळ्या कातड्यापाशींच फुटूं लागल्या. परत येऊन त्यानें गोळीच्या पोटांत तांब्याचा आडवा पडदा ठेवला: पुढचें शिसें उमलावें, मागचें शाबूत राहून खोल जावें. १९४८ सालीं ती विक्रीस निघाली. एल्कसाठीं तिचें लोकप्रिय वजन १८० ग्रेन, म्हणजे आपला बरोबर एक तोळा!

पण पुढच्या शिशाचे बारीक कण मांसांत उरतात, आणि शिकाऱ्यानें टाकलेल्या आंतड्यांवर जगणारीं काँडॉर गिधाडें त्यांनीं विषबाधा होऊन मरतात. म्हणून कॅलिफोर्नियांत १ जुलै २०१९ पासून शिकारींतून शिशाची गोळी हद्दपार झाली. निखळ तांब्याची गोळी त्याच वजनाला अधिक लांब असते, काडतुसांत दारूची जागा अडविते. त्यामुळें हातानें भरणाऱ्यांचा हिशेब पुन्हां पहिल्यापासून सुरू झाला आहे.