ऑटिझम, शाळा आणि पाच मुलांचा एक प्रयोग

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर सिनॉप्सिस लिहायला बसलात, की 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' लिहावीच लागते. बहुतेक जण ती दोन परिच्छेदांत उरकतात. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला, मग काही वर्षं आयांना दोष दिला गेला, मग संशोधन पुढे गेलं. आज आपण या दुसऱ्या 'मग'पाशी जरा थांबू. आपल्याकडच्या विशेष शाळांत भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक लावलेलं दिसतं ना, त्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

१९५० आणि ६०च्या दशकात अमेरिकेत जोर होता मनोविश्लेषणाचा. मूल बोलत नाही, जवळ येत नाही, कारण आई भावनेने थंड आहे, असं तज्ज्ञ सांगत. शिकागो विद्यापीठाच्या निवासी शाळेचे प्रमुख ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने हे मत घराघरात पोचवलं. त्यातून निघणारा उपाय म्हणजे पालकांना बाजूला ठेवा आणि मुलाला मोकळं सोडा. या मतापायी किती आयांनी आयुष्यभर स्वतःला दोषी मानलं असेल, याचा हिशेब कोणत्याच तक्त्यात सापडणार नाही.

त्याच विद्यापीठात एरिक शॉपलर पीएचडी करत होते. (हो, आपल्यासारखेच!) १९६४ साली पदवी मिळालेल्या त्यांच्या कामाचा प्रश्न साधा होता: मुलं जगाची माहिती नजरेने घेणं पसंत करतात की स्पर्शाने? यात आईचं मन कुठेच नाही. मुलाला जग कसं जाणवतं, एवढंच विचारलंय. मला हा बदल फार मोठा वाटतो.

इथे एक कामाची गोष्ट. शॉपलर यांच्या त्या काळच्या निबंधाच्या शीर्षकात 'स्किझोफ्रेनिक' मुलं असा शब्द आहे. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकल्या जात. या विषयाचं मुख्य नियतकालिक १९७१ साली निघालं तेव्हा त्याच्या नावातही ऑटिझमसोबत बालपणीचा स्किझोफ्रेनिया होता. तो शब्द १९७९ साली गेला. तेव्हा डेटाबेसमध्ये नुसतं 'ऑटिझम' टाकून शोधलंत तर त्या काळचं बरंच साहित्य हाताला लागणार नाही.

पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शॉपलर आणि रॉबर्ट रायक्लर यांनी केंद्र सरकारच्या पैशावर एक प्रकल्प सुरू केला. पालक काचेआडून तज्ज्ञाचं काम बघत, मग स्वतः मुलाबरोबर काम करत. ज्यांना आजाराचं कारण ठरवलं होतं, तेच इथे सहकारी झाले. १९७१ साली या गटाचा निबंध आला. मुलं फक्त पाच. प्रत्येक मुलाची सत्रं आलटून पालटून दोन प्रकारे घेतली. एका प्रकारात काय करायचं आणि किती वेळ, हे मोठ्यांनी ठरवायचं, दुसऱ्यात मुलाने. आखीव सत्रांत मुलांचं लक्ष आणि प्रतिसाद अधिक चांगला दिसला. ज्यांचा विकास कमी झाला होता, त्यांना मोकळं सोडल्याचा त्रास जास्त झाला.

पाचच मुलं? व्हायवाला कोणीतरी हे विचारणारच. पण तेच मूल दोन्ही परिस्थितींत बघितलं आहे, म्हणजे तुलना त्या मुलाची त्याच्याशीच आहे, हे विसरू नका. आणि १९७३ साली इंग्लंडमध्ये बार्टाक आणि रटर यांनी तीन वेगवेगळ्या केंद्रांतल्या पन्नास मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला, तेव्हाही आखीव शिकवणी असलेल्या केंद्रातली मुलं अभ्यासात पुढे होती. मात्र शाळेत सुधारलेलं वागणं घरी आपोआप उतरत नव्हतं. हा भाग उद्धृत करताना हमखास गळतो. तुम्ही गाळू नका.

प्रकल्पाचा पैसा संपत आला तेव्हा पालकच आमदारांकडे गेले. १९७२ साली नॉर्थ कॅरोलायनाने कायदा करून हा कार्यक्रम राज्यभर चालवायला घेतला. त्याला आपण टीच या नावाने ओळखतो. अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण कायद्यात ऑटिझम हा स्वतंत्र गट म्हणून यायला मात्र १९९० उजाडलं.

आपल्याकडे काय? १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण शिक्षणातलं आणि नोकरीतलं आरक्षण होतं १९९५च्या कायद्यात! एकवीस प्रकारांच्या यादीत तो बसला २०१६ साली. मधल्या एकवीस वर्षांत पहिलीत गेलेलं मूल कॉलेजातून बाहेरही पडतं. या पिढीचा शालेय इतिहास मराठीत कोणी लिहिलेला मला तरी सापडलेला नाही. विषय शोधत असाल तर घ्या.

आता ऑनलाइन वर्गाकडे येऊ, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यावरच काम करायचंय. टीचच्या पद्धतीत मुलासमोरच्या कामाची मांडणीच चार प्रश्नांची उत्तरं देते: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार आणि त्यानंतर काय. हे चार प्रश्न घेऊन लॉकडाऊनमधला शाळेचा एखादा मेसेज वाचून बघा. 'पीडीएफ पाठवली आहे, सर्वांनी अभ्यास करावा.' यात पहिल्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर आहे, बाकी तिन्हींचं नाही. शाळेत घंटा व्हायची, फळा पुसला जायचा, शेजारचा मुलगा वही मिटायचा. न सांगताच बरंच कळायचं. स्क्रीनवर ते सगळं गेलं. त्या चारपैकी किती उत्तरं घरी बसलेल्या आईने रोज दिली, हा मोजता येण्यासारखा प्रश्न आहे.

त्याची साधनंही अजून आहेत, पालकांच्या जुन्या फोनमध्ये. पण फोन बदलतात, ग्रुप डिलीट होतात. तेव्हा विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा अर्ज आधी भरा, परवानगीचं पत्र साध्या मराठीत लिहा आणि शक्य तितक्या लवकर ते मेसेज गोळा करायला लागा.