गोधडीचे कापड : दुर्ग ते इतवारी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या गणेशोत्सवांचा, नाट्यप्रयोगांचा आणि कार्यकारिणींचा वृत्तान्त येणार हे ओघानेच आले. ते कार्य अधिक अधिकारी लेखण्या करतीलच. आम्ही येथे अशा एका वस्तूचा इतिहास मांडू इच्छितो की, जिची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडणार नाही आणि तरीही जी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे, निदान एके काळी होती. ती वस्तू म्हणजे गोधडी. तिच्यासाठी लागणारे कापड भिलाईच्या मराठी घरांनी कोठून, कोणत्या प्रवासात आणि कसे जमविले याचा मागोवा घेतला असता आपल्या येथील वास्तव्याचीच कथा हाती लागते, असे आमचे नम्र मत आहे.

गोधडी म्हणजे जुनेराचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण. कोणी तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी केले की तेच दुपटे होते. छत्तीसगढीत तिला कथरी म्हणतात आणि बंगाली कांथा तर सर्वश्रुत आहे. संस्कृत ‘कंथा’ या शब्दाशी या दोन नावांचे नाते आहे. वऱ्हाडच्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत ते त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या पेहरावामुळे. कापड हे लेखनाचेही साधन होऊ शकते हे अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आपल्या पासोडीवर ग्रंथ लिहून दाखविलेच आहे. आपल्या घरच्या स्त्रियांनी लेखणीऐवजी सुई हाती घेतली, इतकाच काय तो भेद.

गोधडीचे गणित साधे आहे. एका नऊवारी लुगड्याचे चार तुकडे करावे. दोन-दोन तुकडे लांबीच्या बाजूने जोडले की मोठ्या माणसास पुरतील असे दोन थर मिळतात. दोन लुगडी आणि एक-दोन धोतरे झाली की पोट भरले. खाली अस्तरासाठी मांजरपाट आणि वर शोभेसाठी छापील सुती कापड घ्यावे. सारे थर जमिनीवर ताणून अंथरावे, कच्चे टाके घालून जखडावे आणि मग एका कडेपासून समांतर टाक्यांच्या ओळी घालीत जावे. या कामास जुनेरच का, याचेही कारण आहे. नवे कापड खळीमुळे ताठ असते आणि धुतल्यावर आटते. जुने कापड आटायचे तितके आधीच आटलेले असते, मऊ असते आणि सुईला वाट देते.

दुर्ग आणि नागपूर यांच्यामधील कापडाचा व्यवहार पोलाद कारखान्याच्या कितीतरी आधीचा आहे. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. नांदगाव संस्थानचे मूळ पुरुष प्रह्लाददास हे पंजाबातून आलेले बैरागी, आणि त्यांचा व्यवसाय शालींच्या विक्रीचा. म्हणजे आपल्या शेजारच्या संस्थानाचा पायाच एका कापडविक्याने घातला! पुढे तेथील राजे बलरामदास यांच्या काळात, १८९० नंतरच्या दशकात, राजनांदगावी सी. पी. मिल उभी राहिली. तीच हस्तांतरानंतर बंगाल-नागपूर कॉटन मिल, म्हणजेच आपणा सर्वांची ‘बी. एन. सी.’, झाली. ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९२० मध्ये तेथे झालेला कामगारांचा संप प्रसिद्ध आहे. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीच सुरू झाली होती. नागपूर, उमरेड आणि पवनी येथील कोष्ट्यांच्या मागांवर बारीक सुताची, रेशीमकाठी धोतरे व लुगडी त्याहूनही आधीपासून विणली जात होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ही सारी ठिकाणे एका धाग्यात ओवली.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले त्या वेळी नागपूर हे परराज्यातले शहर झाले होते. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि २००० मध्ये छत्तीसगढ निर्माण झाले. सीमा तीनदा बदलल्या. माहेरी जाणारी गाडी मात्र त्याच रुळांवरून जात राहिली.

कारखान्यात नोकरीस आलेल्या आपल्या पिढीच्या घरांत सर्व काही नवे होते. सेक्टर नवे, क्वार्टर नवे, संसार नवा, पलंगही नवा. नव्हते ते केवळ जुनेर. जुनी लुगडी असायला घरात जुनी माणसे लागतात, आणि ती तर अमरावतीस, वर्ध्यास, भंडाऱ्यास, साताऱ्यास राहिली होती. म्हणून गोधडी हवी तर प्रवास करणे आले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की होल्डॉल बांधून दुर्ग स्थानक गाठायचे. त्या होल्डॉलमध्ये अंथरण्यास गोधडीच असे. राजनांदगाव, डोंगरगढ, गोंदिया, तुमसर, भंडारा रोड, कामठी अशी अडीचशेहून अधिक किलोमीटरांची वाट ओलांडली की नागपूर येई. ज्यांना पुढे जायचे ते तेथे गाडी बदलीत. गावोगावच्या आत्या, मावश्या, माम्या यांच्या फडताळांतून एकेक जुनेर निघे. बोहारीण दारावर भांडी घेऊन येई, पण ‘हे भिलाईच्या पोरींसाठी ठेवलंय’ म्हणून तिला रिकाम्या हाती परत पाठविले जाई, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. पहिलटकरीण माहेराहून परतली की तिच्या सामानात आजीच्या लुगड्याचे दुपटे असणारच.

पोटात घालायचे कापड असे मिळे. वरचे आणि खालचे मात्र विकत घ्यावे लागे. त्यासाठी परतीच्या आदल्या दिवशी नागपुरात इतवारी-गांधीबागेची फेरी ठरलेली. या खरेदीचेही एक शास्त्र होते. मातोश्री प्रथम कापडाचा पन्हा पाहत, कारण पन्हा कमी पडला तर मध्ये जोड येतो. मग कापडाचा कोपरा दोन बोटांत चोळून खळ किती आहे ते पाहत; खळ झडल्यावर कापड झिरझिरीत निघाले तर तो तागा बाजूस सारीत. घरी आणल्यावर नवे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच सुई लावायची, हा दंडक होता. वाराचे मीटर झाले तरी हिशेब त्या हातानेच मोजून करीत. कटपीसच्या ढिगातून दोन एकसारखे तुकडे सापडले की त्यांच्या मुद्रेवर जो आनंद दिसे, तो रेशमी पातळ घेतानाही दिसत नसे.

एका खेपेस मात्र आम्ही फसलो. एका दुकानी पक्क्या रंगाची ग्वाही ऐकून लाल छापील कापड घेतले. भिजविण्याचा दंडक त्याच वर्षी घाईमुळे मोडला. पहिल्याच धुण्यात तो लाल रंग आतल्या पांढऱ्या धोतरापर्यंत उतरला. ते धोतर आमच्या आजोबांचे होते. मातोश्री दुकानदारास काही बोलल्या नाहीत. ‘घाई माझी होती’ एवढेच म्हणाल्या. ती गोधडी पुढे घरात ‘गुलाबी’ याच नावाने ओळखली गेली.

विकतचे कापड घातलेली गोधडी ही खरी गोधडी नव्हे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया तेव्हा होत्या. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते; ऊब सुतापेक्षा सुताच्या मालकिणीची असते, हा त्यांचा आशय. परंतु परमुलखात आलेल्या संसारास तो नियम तंतोतंत पाळता येणे शक्य नव्हते, आणि भिलाईने त्यात आपली भरही घातली. क्वार्टरच्या अंगणात गोधडी अंथरली की शेजारच्या बंगाली वहिनी कांथाचा टाका दाखवीत, बिहारच्या भाभी सुजनीचा. शेजारणींनी दिलेल्या सुती साड्या आपल्या गोधड्यांत गेल्या. अशी गोधडी अमरावतीस झाली नसती, कलकत्त्यासही नाही. ती भिलाईचीच.

हा क्रम हळूहळू खंडित झाला. टेरिलीन व नायलॉन आले. त्यांच्या जुन्या साड्या सुईखाली निसटतात, घाम शोषीत नाहीत, म्हणून गोधडीस निरुपयोगी. नऊवारी नेसणारी पिढी गेली. एम्प्रेस मिल बंद पडून तिच्या जागी मॉल उभा राहिला. मच्छरदाणीच्या कापडासाठी नावाजलेली बी. एन. सी. मिलही या शतकाच्या आरंभी बंद झाली. रजया आणि ब्लँकेटे सिव्हिक सेंटरपासून सुपेल्यापर्यंत कोठेही मिळू लागली. आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडण्याची वेळ एकेका घरावर येत गेली.

येथे आमचाही एक अपराध सांगणे अगत्याचे आहे. क्वार्टर रिकामे करताना कपाटास ओरखडे पडू नयेत म्हणून आम्ही दोन जुन्या गोधड्या ट्रकमध्ये अंथरल्या. सामान उतरले, पावती झाली, ट्रक निघून गेला. गोधड्या त्यातच राहिल्या हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. त्यांतील एक ‘गुलाबी’ होती. मातोश्री तोवर हयात नव्हत्या. कपाटावर एकही ओरखडा नाही. त्याकडे पाहिले की अजून मन खाते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी आमची सभासदांस एक विनंती आहे. ज्यांच्या घरी अशी गोधडी असेल त्यांनी ती एक दिवस मंडळाच्या सभागृहात आणून उलगडावी. तिच्या पोटात कोणाचे लुगडे आहे, कोणाचे धोतर आहे, वरचे कापड कोणत्या प्रवासात घेतले, हे आठवेल तितके कागदावर लिहून तिच्याजवळ ठेवावे. ज्या भगिनींच्या बोटांत अजून तो टाका आहे त्यांनी तो नातींना शिकवावा; कापड विकतचे असले तरी हरकत नाही, केवळ आधी भिजवून घ्यावे. मंडळाचा इतिहास इतिवृत्तांच्या वह्यांत आहे. पण ज्या घरांनी हे मंडळ उभे केले त्यांचा इतिहास या टाक्यांत आहे. वह्या मंडळाने जपल्या. गोधड्या आपण घरोघर जपाव्यात, एवढेच मागणे.